ब्राउझरचा ताबा आणि संमतीचा देखावा

संगणक बंद पडलेला नसतो. इंटरनेट सुरू असते, कामेही होत असतात. तरीही ब्राउझर उघडला की नेहमीच्या होमपेजऐवजी एखादे अनोळखी सर्च इंजिन समोर येते. शोध एका गोष्टीचा घ्यावा तर उत्तरे जाहिरातींनी भरलेली दिसतात. बातमी वाचताना मधल्याच शब्दाखाली हिरवी रेघ उमटते आणि तिच्यावर बोट पडताच नवी खिडकी उघडते. सेटिंग बदलून जुने होमपेज परत आणावे, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर तेच अनोळखी पान हजर असते. या प्रकाराला संगणकाच्या जगात 'ब्राउझर हायजॅकर' म्हणतात आणि ज्या मोठ्या कुळात तो मोडतो त्याचे नाव 'अ‍ॅडवेअर'.

हा उपद्रव व्हायरसपेक्षा मुळातच वेगळा आहे आणि तो वेगळेपणा समजून घेतल्याशिवाय त्याचे निर्मूलनही नीट होत नाही. व्हायरस चोरून शिरतो. अ‍ॅडवेअर मात्र परवानगी घेऊन शिरल्याचा दावा करते आणि बहुतेक वेळा हा दावा कागदोपत्री खराही असतो. घाईघाईने दाबलेले 'नेक्स्ट'चे बटण, आधीच खूण करून ठेवलेली एखादी चौकट, कोणीही न वाचलेला करारनामा, एवढ्या भांडवलावर गेली वीस-पंचवीस वर्षे एक मोठा व्यवसाय उभा आहे. म्हणूनच संगणक स्वच्छ कसा करावा या प्रश्नाइतकाच, या संमतीला संमती म्हणावे का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

व्याधी नव्हे, व्यवसाय

होमपेज बदलून कोणाचा काय फायदा होतो, असा प्रश्न सामान्य वापरकर्त्याला पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर शोधाच्या अर्थकारणात आहे. सर्च इंजिनच्या पानावरील जाहिरातीवर कोणी क्लिक केले की जाहिरातदार पैसे मोजतो. तो शोध ज्याने आणून दिला त्या मध्यस्थालाही या रकमेतील वाटा मिळण्याची व्यवस्था असते. हायजॅकर नेमका हा मध्यस्थ बनतो. वापरकर्त्याने टाइप केलेले शब्द तो आधी स्वतःच्या पत्त्यावर वळवतो आणि तेथून पुढे पाठवतो. पुष्कळदा शेवटी दिसणारे पान याहू किंवा बिंगसारख्या परिचित सर्च इंजिनचेच असते. त्यामुळे आपली वाट मध्येच वळवली गेली, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा मार्ग अधिक धीट आहे. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर आपल्या जाहिराती घुसडायच्या. वाचक पाहतो वर्तमानपत्राचे किंवा दुकानाचे पान. पण त्यावरील काही जाहिराती त्या संकेतस्थळाच्या मालकाने लावलेल्याच नसतात. त्यांचे उत्पन्न त्याला मिळत नाही, बदनामी मात्र पदरी पडते. गुगल आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या प्रकाराची मोजदाद केली. गुगलच्या संकेतस्थळांवर रोज येणाऱ्या इंटरनेट पत्त्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक पत्त्यांवर जाहिराती घुसडणारे किमान एक सॉफ्टवेअर सापडले. अशी ५० हजारांहून अधिक एक्स्टेंशन आणि ३४ हजारांहून अधिक प्रोग्रॅम त्या पाहणीत आढळले.

हे सॉफ्टवेअर संगणकापर्यंत पोहोचवण्याचे काम स्वतंत्र दलाल करतात. दर इन्स्टॉलमागे ठरावीक रक्कम, असा त्यांचा हिशेब असतो. गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासानुसार हा दर देशागणिक १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत होता आणि या साखळीतून आठवड्याला सहा कोटींहून अधिक डाऊनलोडचे प्रयत्न होत होते. घातक सॉफ्टवेअरच्या डाऊनलोडच्या तुलनेत हे प्रमाण तिप्पट होते. मोफत व्हिडीओ प्लेअर, पीडीएफ जोडण्याचे साधन, फॉन्ट किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरचा 'क्रॅक' या आमिषांच्या पोटात हे पाहुणे बांधलेले असतात. मोफत वस्तूची किंमत कोणीतरी मोजतच असते; येथे ती संगणकाचा मालक नकळत मोजतो.

कूलवेबसर्च ते फायरबॉल

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक टप्प्यावर त्याने अधिकाधिक प्रतिष्ठित दरवाजा शोधला.

२००३ मध्ये 'कूलवेबसर्च' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हायजॅकरने जगभरातील वापरकर्त्यांना बेजार केले. इंटरनेट एक्सप्लोररमधील सुरक्षेच्या त्रुटींचा फायदा घेऊन तो शिरत असे आणि त्याचे नवनवे अवतार सतत येत. नेदरलँड्समधील मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्याने अशा हायजॅकरविरुद्ध 'सीडब्ल्यूश्रेडर' आणि 'हायजॅकधिस' ही साधने तयार करून मोफत दिली. पुढे २००७ मध्ये 'हायजॅकधिस' ट्रेंड मायक्रो या कंपनीने विकत घेतले. मोठ्या कंपन्यांना जे सुचले नाही ते एका विद्यार्थ्याने केले, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

त्यानंतरचे पर्व नोंदणीकृत कंपन्यांचे होते. अमेरिकेतील 'झँगो' ही त्यांपैकी एक. तिचे अ‍ॅडवेअर सात कोटींहून अधिक वेळा संगणकांवर बसवले गेले आणि त्यातून ६९० कोटींहून अधिक पॉप-अप जाहिराती झळकल्या, असे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने म्हटले होते. नोव्हेंबर २००६ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीला ३० लाख डॉलर भरावे लागले. २००९ मध्ये झँगोने गाशा गुंडाळला.

तथापि तोवर टूलबारचा जमाना ऐन भरात आला होता. अडीअडचणीच्या संकेतस्थळांवरच धोका असतो, हा समज या काळात खोटा ठरला. ओरॅकलसारख्या बलाढ्य कंपनीच्या जावा सॉफ्टवेअरबरोबर 'आस्क' टूलबार देऊ केला जाई आणि त्यापुढील चौकटीत खूण आधीच केलेली असे. तंत्रज्ञान-पत्रकार एड बॉट यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलेली एक बाब बोलकी आहे. जावा बसवून झाल्यावर हा टूलबार दहा मिनिटे थांबत असे आणि मगच स्वतःला बसवत असे. चूक लक्षात येऊन कोणी लगेच प्रोग्रॅमची यादी तपासली, तर तेथे काहीच दिसत नसे. संमती खरोखरच मोकळेपणाने घेतलेली असती, तर या दहा मिनिटांची गरज भासली नसती.

२०१५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आलेल्या 'सुपरफिश' प्रकरणाने तर नवा कोरा संगणकही सुरक्षित नसल्याचे दाखवले. लेनोवो या कंपनीने आपल्या काही लॅपटॉपमध्ये जाहिराती दाखवणारे हे सॉफ्टवेअर विक्रीपूर्वीच बसवले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसडता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र रुजवले. बँकेच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलुपाचे चिन्ह ज्या विश्वासावर उभे असते, त्या विश्वासालाच या प्रमाणपत्राने छेद दिला. त्यातही प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्याची गुप्त किल्ली एकच होती आणि तिचा पासवर्ड संशोधकांनी सहज शोधून काढला. म्हणजे जाहिरातदारासाठी उघडलेल्या दारातून कोणताही भामटा आत येऊ शकत होता. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने हे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा जाहीर सल्ला दिला. पुढे २०१७ मध्ये लेनोवोने फेडरल ट्रेड कमिशन आणि ३२ राज्यांशी तडजोड केली आणि राज्यांना ३५ लाख डॉलर दिले.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकरण २०१७ च्या जूनमधील. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या हायजॅकरचा अहवाल प्रसिद्ध केला. बीजिंगमधील राफोटेक या जाहिरात कंपनीशी त्याचा संबंध जोडण्यात आला. जगात २५ कोटी संगणक बाधित असून त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे २ कोटी ५३ लाख, भारतात आहेत, असा त्या अहवालाचा दावा होता. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे सांगत त्यांना आव्हान दिले. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला तरी मूळ मुद्दा उरतोच. फायरबॉल होमपेज बदलत होता हे खरे. परंतु आपल्या मालकाच्या आज्ञेवरून कोणताही प्रोग्रॅम त्या संगणकावर आणून चालवण्याची क्षमताही त्याच्यात होती. आज जाहिरात दाखवणारा उद्या काय करील, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर अवलंबून होते.

अँटिव्हायरस गप्प का?

'पैसे देऊन अँटिव्हायरस घेतला, तरी हे आत आलेच कसे?' ही अनेकांची तक्रार असते. याचे कारण तांत्रिक कमी आणि कायदेशीर अधिक आहे. अ‍ॅडवेअर बनवणाऱ्यांकडे कंपनीची नोंदणी, करारनामा आणि वकील असे सारे काही असते. त्यांच्या उत्पादनाला 'घातक' म्हटले की बदनामी आणि धंद्याचे नुकसान केल्याचा दावा ठोकला जातो. झँगोने कॅस्परस्कीवर असाच दावा लावला होता. २००९ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने कौल दिला आणि सुरक्षा कंपन्यांना मोठा दिलासा मिळाला. मात्र २०१९ मध्ये एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या खटल्यात त्याच न्यायालयाने या संरक्षणाला मर्यादा घातली. प्रतिस्पर्ध्याला अडवण्याच्या हेतूने सॉफ्टवेअर रोखले असेल तर हे संरक्षण मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे दोघेही सुरक्षा सॉफ्टवेअर विकणारे, हे विशेष.

याच पार्श्वभूमीवर सुरक्षा उद्योगाने एक सावध शब्द रूढ केला. 'संभाव्य नकोसा प्रोग्रॅम', म्हणजेच 'पप' किंवा मायक्रोसॉफ्टच्या भाषेत 'पुआ'. 'घातक' म्हणायचे नाही, 'नकोसा' म्हणायचे, तेही 'संभाव्य'! या शाब्दिक कसरतीचा परिणाम वापरकर्त्यावर होतो. अनेक सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये असे प्रोग्रॅम रोखण्याची सोय वेगळी ठेवलेली असते आणि ती पुष्कळदा बंद असते. विंडोजमधील डिफेंडरमध्येही ही सोय वापरकर्त्याला दिसेल अशा रीतीने २०२० मध्ये आली आणि ती आपोआप सुरू ठेवण्याचे धोरण त्यानंतर वर्षभराने स्वीकारले गेले. आजही 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या विभागात जाऊन ही सोय सुरू आहे का, हे प्रत्येकाने एकदा तपासणे हिताचे आहे.

दार बदलले, पाहुणा तोच

टूलबारचे दिवस आता सरले. जानेवारी २०१४ मध्ये गुगलने सेटिंग्ज पळवण्याचा प्रकार ही क्रोम वापरणाऱ्यांची पहिल्या क्रमांकाची तक्रार असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून विंडोजवरील क्रोममध्ये अधिकृत वेब स्टोअरबाहेरील एक्स्टेंशनना मज्जाव करण्यास सुरुवात केली. पण धंद्याने लगेच पवित्रा बदलला. दार फोडण्यापेक्षा किल्ली विकत घेणे स्वस्त पडते, हे त्याने ओळखले.

भारतातील तंत्रज्ञान-लेखक अमित अगरवाल यांनी २०१४ मध्येच याचा अनुभव जाहीर केला होता. त्यांनी तयार केलेले, ३० हजारांहून अधिक लोक वापरत असलेले एक छोटे एक्स्टेंशन कोणीतरी विकत घेतले. महिनाभराने नव्या मालकाने त्याची सुधारित आवृत्ती पाठवली आणि ती जाहिराती घुसडू लागली. वापरकर्त्यांनी नवे काहीही बसवले नव्हते. जुन्यावर ठेवलेला विश्वासच परस्पर विकला गेला होता. 'द ग्रेट सस्पेंडर' या लोकप्रिय एक्स्टेंशनची कथाही वेगळी नाही. २०२० मध्ये त्याचा मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून बंद केले. या व्यवहारांत वापरकर्त्याची संमती अक्षरशः एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होते, आणि तिची कल्पना संमती देणाऱ्यालाच नसते.

जाहिरात आणि चोरी यांमधील रेषाही याच काळात पुसट झाली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२० मध्ये 'अ‍ॅड्रोझेक' या मोहिमेची माहिती दिली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती ऐन भरात असताना रोज ३० हजारांहून अधिक संगणकांवर तिच्या खुणा दिसत होत्या आणि बाधित प्रदेशांत दक्षिण आशियाचाही समावेश होता. अ‍ॅड्रोझेक एज, क्रोम, यांडेक्स आणि फायरफॉक्स या चारही ब्राउझरमध्ये शोधाच्या उत्तरांत जाहिराती घुसडत असे. ब्राउझरच्या मूळ फाइलमध्येच ते फेरफार करी, सुरक्षेच्या तपासण्या आणि ब्राउझरचे अपडेट बंद पाडी. फायरफॉक्समधून तर साठवलेले पासवर्डही पळवी. २०२२ मधील 'क्रोमलोडर'नेही चोरीचे गेम आणि चित्रपटांच्या आमिषाने याच वाटेने लोकांचे ब्राउझर काबीज केले.

दुसरीकडे, अगदी साधा पण फोफावलेला प्रकार नोटिफिकेशनचा आहे. 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असे सांगणारे पान अनेकांनी पाहिले असेल. ते बटण दाबले की त्या संकेतस्थळाला पडद्याच्या कोपऱ्यात केव्हाही सूचना झळकवण्याचा अधिकार मिळतो. मग 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले' असले इशारे सुरू होतात. वास्तविक संगणकात काहीच शिरलेले नसते. एक परवानगी काढून घेतली की उपद्रव थांबतो. पण घाबरलेला वापरकर्ता त्या इशाऱ्यावर क्लिक करतो आणि खरा घुसखोर तेव्हा आत येतो.

घुसखोर हटवताना

ब्राउझर पळवला गेल्याचे लक्षात आल्यावर बहुतेक जण त्या अनोळखी सर्च इंजिनचे नाव टाकून ते काढण्याचा उपाय इंटरनेटवर शोधतात. येथेच दुसरा सापळा असतो. काढून देण्याचे आश्वासन देणाऱ्या असंख्य पानांवर कुठलेतरी 'क्लीनर' उतरवण्याचा आग्रह असतो. ते फुकट तपासते, शेकडो दोष दाखवते आणि दुरुस्तीसाठी पैसे मागते. आजार आणि औषध यांचे दुकान एकच असण्याची शक्यता येथे नाकारता येत नाही. त्यामुळे सुरुवात संगणकात आधीपासून असलेल्या साधनांनीच करावी, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. निर्मूलनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. कारण होमपेज हे लक्षण आहे, कारण नव्हे. कारण जागेवर ठेवून लक्षण पुसले तर ते परत येणारच.

१) नोटिफिकेशन : ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढावी. निम्म्या वाटेवरच प्रश्न सुटला तर पुढे जाण्याची गरज नाही.

२) प्रोग्रॅम : विंडोजच्या सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स' या यादीत प्रोग्रॅम बसवल्याच्या तारखेनुसार लावून पाहावेत. उपद्रव सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढून टाकावेत. ते काढताना येणारे प्रश्न नीट वाचावेत. 'ठेवायचे आहे का' या प्रश्नाचे बटण मोठे आणि 'काढा'चे बटण पुसट असते.

३) एक्स्टेंशन : ज्याचा उपयोग आठवत नाही ते प्रत्येक एक्स्टेंशन काढावे. काढण्याचे बटणच चालत नसेल आणि घरच्या संगणकावर 'आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशा अर्थाचा संदेश दिसत असेल, तर घुसखोराने कार्यालयांसाठी असलेल्या धोरण-सुविधेचा गैरवापर केल्याची शक्यता असते. काही सुरक्षा सॉफ्टवेअरमुळेही हा संदेश येतो. पण कारण ठाऊक नसेल तर जाणकाराची मदत घ्यावी.

४) लपण्याच्या जागा : डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या चिन्हाचे 'प्रॉपर्टीज' उघडून 'टार्गेट' ही ओळ पाहावी. ब्राउझरच्या फाइलच्या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल तर होमपेज पुन्हा पुन्हा का बदलते याचे उत्तर मिळाले. त्याचप्रमाणे नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी 'प्रॉक्सी' आणि 'टास्क शेड्युलर'मध्ये ठरावीक वेळी चालणारे अनोळखी काम आहे का, हेही पाहावे. मॅकच्या संगणकावर सिस्टिम सेटिंग्जमधील अनोळखी 'प्रोफाइल' ही अशीच जागा आहे.

५) तपासणी : यानंतर डिफेंडरची संपूर्ण तसेच 'ऑफलाइन' तपासणी करावी. केवळ अ‍ॅडवेअरसाठी तयार केलेले 'अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर' हे मोफत साधनही उपयुक्त आहे. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्सच्या मालकीचे असून तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. क्रोममध्येच असलेले सफाईचे साधन मात्र गुगलने २०२३ मध्ये बंद केले. ते वापरण्याचा सल्ला देणारी जुनी माहिती आता निरुपयोगी आहे.

६) रीसेट आणि सिंक : शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात. त्याने बुकमार्क जात नाहीत. एक्स्टेंशन बंद होतात. या टप्प्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे सिंक. एकाच खात्याने घरचा आणि कार्यालयाचा ब्राउझर जोडलेला असेल, तर एका ठिकाणी काढलेले एक्स्टेंशन दुसरीकडून परत येते. म्हणून सिंक बंद करून सर्व संगणक स्वच्छ करावेत आणि मगच ते पुन्हा सुरू करावे.

७) पासवर्ड : अ‍ॅड्रोझेकचा अनुभव ध्यानात घेता, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फुटले असे समजूनच वागावे. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत आणि सर्व ठिकाणची जुनी लॉगिन रद्द करावीत.

एवढे करूनही उपद्रव कायम राहिला तर ब्राउझर काढून पुन्हा बसवावा आणि तेही पुरले नाही तर महत्त्वाच्या फाइलची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवावे. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला पहिल्याच दिवशी 'फॉरमॅट' सुचवतो, ते त्याच्या वेळेच्या हिशेबाने सोयीचे असते. मात्र फॉरमॅटनंतर त्याने चोरीचे विंडोज आणि 'क्रॅक' केलेली ऑफिसची प्रत बसवली, तर तोच पाहुणा त्याच संध्याकाळी परतण्याची शक्यता असते.

कायद्याची बाजू

भारतात या प्रकाराला कायद्याचा अजिबात अटकाव नाही, असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात व्हायरस किंवा 'दूषित घटक' शिरवल्यास भरपाई मागता येते. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. मात्र या कलमांचा सारा डोलारा 'परवानगीविना' या शब्दावर उभा आहे आणि अ‍ॅडवेअरवाल्याचा बचावही नेमका त्याच शब्दावर असतो. परवानगी होती, हे पाहा खूण केलेली चौकट!

म्हणूनच अलीकडच्या दोन घडामोडी महत्त्वाच्या वाटतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी त्यात आहे. वेषांतर केलेल्या जाहिराती आणि 'व्हायरस शिरला आहे' अशी भीती घालून पैसे उकळणे यांचा तीत समावेश आहे. दुसरी घडामोड म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, विनाअट आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे, अशी व्याख्या या कायद्याने केली आहे. या कसोटीवर आधीच खूण केलेली चौकट टिकणे अवघड आहे. अर्थात हा कायदा वैयक्तिक माहितीपुरता आहे. होमपेज बदलणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला तो लागू होईलच असे नाही. शिवाय गुन्हेगार परदेशात, सर्व्हर तिसऱ्या देशात आणि नुकसान प्रत्येकी काही तासांचे, अशा स्थितीत तक्रार नोंदवण्याचा खटाटोप फार थोडे जण करतात.

सरकारी मदतीचा एक मार्ग मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. 'सर्ट-इन' या यंत्रणेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत सफाईची साधने मोफत उपलब्ध करून दिली जातात. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करता येते.

प्रश्न जबाबदारीचा

'लोक वाचत नाहीत, म्हणून फसतात', असा युक्तिवाद या धंद्याच्या बचावासाठी नेहमी केला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. अधिकृत संकेतस्थळावरूनच सॉफ्टवेअर घेणे, शोधाच्या उत्तरांत सर्वांत वर असलेल्या जाहिरातीवर भरवसा न ठेवणे, बसवताना 'कस्टम' पर्याय निवडून प्रत्येक चौकट पाहणे आणि रोजच्या कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरणे, एवढी खबरदारी घेतली तरी बराच उपद्रव टळतो, यात शंका नाही.

परंतु दहा मिनिटे दडून बसणारा टूलबार, कारखान्यातूनच भरून आलेले सुपरफिश किंवा परस्पर विकले गेलेले एक्स्टेंशन यांत वापरकर्त्याने नेमके काय वाचायला हवे होते? गेल्या वीस वर्षांत या धंद्याला खरा आळा बसला तो लोक अधिक सावध झाले म्हणून नव्हे. ब्राउझर बनवणाऱ्यांनी दारे बंद केली, न्यायालयाने सुरक्षा कंपन्यांना बळ दिले आणि दंडाची रक्कम नफ्याच्या हिशेबात शिरली, तेव्हाच तो बसला. जाहिरातीच्या पैशाचा ओघ ज्यांच्या हातून जातो त्या मोठ्या सर्च इंजिन आणि जाहिरात कंपन्यांनी, अशा मार्गाने आलेल्या शोधाचा मोबदला देणे थांबवले, तर पळवलेल्या होमपेजला बाजारात किंमतच उरणार नाही. तोवर संगणक स्वच्छ करण्याचे काम घरोघर चालूच राहील. आणि ज्याच्या नावावर संमती दाखवली जाते, त्यालाच तिची किंमत मोजावी लागेल.